बटणाला नंबर पुरे

३ मार्च, सोमवार

मालकांनी आज मला बैठकीला बसणारा माणूस केलं. कालपर्यंत मी काम करणारा माणूस होतो. ही बढती की शिक्षा ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, कारण बोलता बोलता ते फोनवर तिसऱ्याच कुणाला तरी शिव्या देत होते.

प्रकरण असं आहे. गाणी करणारे लोक संगणकावरच्या ज्या मोठ्या प्रोग्राममध्ये गाणं रचतात त्याला आमच्या धंद्यात यजमान म्हणतात. आम्ही करतो ते छोटे प्रोग्राम. कुणी आवाज घुमवतो, कुणी दाबतो, कुणी चिरका करतो. ते पाहुणे, म्हणजे प्लगिन. आता प्रत्येक यजमानाचे नखरे वेगळे. एकाला पाहुणा दारातून हवा, दुसऱ्याला खिडकीतून, तिसरा म्हणतो आधी चपला काढ, मग ये की नको ते सांगतो. त्यापायी एकच पाहुणा आम्हाला चार-पाच वेगवेगळ्या वेषांत नटवावा लागतो. म्हणून काही कंपन्यांनी मिळून समिती काढली आहे. सगळ्यांना एकच जोडणीचा नियम. पाहुण्याने कसं यायचं, यजमानाने काय विचारायचं, पाहुण्याने काय उत्तर द्यायचं. एवढ्याशा गोष्टीला समिती! आमच्या गल्लीतल्या बायका हे नळावर उभ्या उभ्या ठरवतील.

"तू जा," मालक म्हणाले. "तुझी विहीर सगळ्यांकडे आहे. ती नसेल तर त्यांच्या नियमाला कुत्रं विचारणार नाही. बस, ऐक, आणि विहिरीला हात लावावा लागेल असं काही मंजूर होऊ देऊ नकोस."

विहीर हा माझा प्लगिन. त्यात आवाज सोडला की खोल विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात बसून मी एकट्याने केला, कॉलेजची पायरी न चढता. मालक तो फुकट वाटतात आणि त्याच्या मागून आपला उरलेला माल खपवतात.

जाता जाता ते म्हणाले की ज्याचं कलम मंजूर होईल त्याचं नाव नियमाच्या पहिल्या पानावर छापणार आहेत. ते सहज बोलले. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाही. मी शाळा सोडली तेव्हा बाबा (स्वतः मास्तर, त्यामुळे अपमान चारचौघांतला) म्हणाले होते, "तुझं नाव आता फक्त विजेच्या बिलावर छापून येणार." ते पहिलं पान मी बाबांना पाठवणार आहे. नुसतं पान. सोबत एक ओळही नाही.

५ मार्च

पहिली बैठक. चौथा मजला, लांबलचक टेबल, न उघडणारी खिडकी, पायाखाली उंदराच्या रंगाचा गालिचा. छताचा पंखा खर्रर खर्रर करतो. खोलीत बसलेले सगळे आवाजाच्या धंद्यातले, पण तो पंखा माझ्याशिवाय कुणालाही ऐकू आला नाही. यावरून काय ते समजावं.

अध्यक्षांना मी घड्याळ म्हणतो. सारखे मनगटाकडे बघतात. मनगटावर घड्याळ नाही. त्यांच्या उजव्या हाताला डॉक्टर. आवाजात डॉक्टरेट केलेला माणूस. प्रत्येक वाक्य "मुळात" पासून सुरू करतो आणि मुळापर्यंत पोचायच्या आत दमतो. आणि समोर शुद्धलेखनबाई. सर्वांत मोठ्या यजमानाच्या कंपनीकडून आल्या आहेत. घरून स्वतःची उशी आणतात, खुर्चीवर ठेवतात, मग बसतात. मी आदल्या दिवशी पाठवलेल्या एका पानाच्या टिपणावर त्यांनी लाल शाईने स्वल्पविराम घालून आणले. मजकुराबद्दल एक शब्द नाही. फक्त स्वल्पविराम.

"मुद्दा पटला का पण?" मी विचारलं.

"मुद्दा कुठून सुरू होतो ते आता दिसतंय," बाई म्हणाल्या. "पटण्याचं पुढच्या बुधवारी बघू."

बाकीचे तीन-चार जण चहा पितात आणि घड्याळांकडे बघून मान हलवतात. सगळी सकाळ नियमाला नाव काय द्यायचं यात गेली. पोर जन्माला यायच्या आत पाळण्याच्या रंगावरून भांडण. नाव ठरलं नाहीच.

६ मार्च

ताईचा फोन. ती गावी घरातल्या मागच्या खोलीत, गाद्या उभ्या लावून त्यांच्या मध्ये बसून मुलांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करते. एक कंपनी त्या विकते. महिनाअखेर गोष्टींचा पूर्ण संच द्यायचा आहे, नाहीतर काम दुसऱ्या एका गोड गळ्याच्या बाईला जाणार. विहीर ताई पहिल्या दिवसापासून वापरते. राक्षसाला जास्त, परीला कमी, आणि निवेदनाला, तिच्या शब्दांत, "चिमूटभर, पण लांबट".

"एक तरी गोष्ट ऐक रे," ती म्हणाली.

"मी काय पाळण्यात आहे?"

"आपल्याच विहिरीचं पाणी चाखून बघायला काय होतं?"

"मी विहिरी खोदतो. पाणी प्यायला गिऱ्हाईक आहे."

"फार शहाणा झालास. बाबांना फोन देऊ?"

मी म्हटलं रेंज जातेय. तिला माहीत होतं रेंज जात नव्हती.

१२ मार्च, बुधवार

आजची बैठक मी जिंकली. सगळं नीट लिहून ठेवतो, पुढे आठवायला मजा येईल.

विषय होता बटणं. प्रत्येक प्लगिनला बटणं असतात. विहिरीला तीन: घुमारा (आवाज किती घुमावा), लांबी (किती वेळ घुमावा) आणि धार (आवाज बोथट की धारदार). गाणं साठवताना यजमान टिपून ठेवतो की कुठलं बटण कुठे फिरवलेलं होतं. पुन्हा उघडलं की त्याप्रमाणे फिरवून देतो. प्रश्न एवढाच, की बटण ओळखायचं कशावरून.

मी म्हटलं नंबरावरून. वरून पहिलं, दुसरं, तिसरं. संपलं. विहिरीत असंच आहे, आणि विहीर अर्धं जग वापरतं.

शुद्धलेखनबाई म्हणाल्या, नाही. प्रत्येक बटणाला जन्मतः एक कायमची खूण द्यायची. जागा बदलली, लेबल बदललं, तरी खूण बदलायची नाही. आणि बटण काढून टाकलं तर त्याची खूण दुसऱ्याला कधीही द्यायची नाही.

"म्हणजे बटणाचा जन्मदाखला काढायचा," मी म्हणालो, "आणि मेलं की मृत्यूचा दाखला. वारस लावायचे असतील तर तलाठी बोलावू का?"

घड्याळ हसले. डॉक्टरही हसले, मुळात न हसणारा माणूस.

बाई हसल्या नाहीत. "वर्गात हजेरी नंबरावर घेता. मध्येच नवा मुलगा आला तर?"

"शेवटी बसवायचा. नवा आहे ना, बसेल मागे. पहिल्या बाकावर कोण घुसवतो त्याला? असं करणारा गाढव असतो बाई, आणि गाढवासाठी नियम नसतात करायचे, दावं आणायचं."

टेबलभर हशा. पंखासुद्धा ऐकू येईना. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक माझ्या वाक्यातले स्वल्पविराम.

चार बुकं शिकली की माणसाला साधी गोष्ट साधी दिसत नाही. डोळ्यांचा नंबर वाढतो तसा डोक्याचाही वाढत असावा. जन्मभर आपल्याला कुणी चुकीचं ठरवेल या भीतीने ही माणसं प्रत्येक दाराला दुसरं दार लावून ठेवतात.

निर्णय पुढे ढकलला, कारण घड्याळांनी मनगट पाहिलं.

१७ मार्च

समितीच्या बडबडीवर उतारा म्हणून आज खरं काम केलं. विहिरीला नवं बटण: पाणी. विहिरीत पाणी किती आहे त्यावर आवाज बदलतो हे कुठल्याही खेडुताला ठाऊक आहे. कोरडी विहीर वेगळी बोलते, भरलेली वेगळी. हे इतकी वर्षं कुणाच्या टाळक्यात आलं नाही, डॉक्टरांच्याही नाही. आलं ते माझ्या.

बटण सगळ्यात वर ठेवलं. विहिरीत वाकलं की माणूस आधी काय बघतो? पाणी. खाली ठेवलं तर कुणाला दिसणार? यादीत पहिल्या ओळीत घातलं, बाकीची तीन आपोआप खाली सरकली, पडद्यावर सगळं झकास बसलं. नवं गाणं उघडून पाहिलं, वाजवलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मालकांनी ऐकलं, म्हणाले, "सोड." संध्याकाळी जगभर सोडली. ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्याकडे ती आपली आपण बदलते, विचारत नाही. विचारलं तर लोक नाही म्हणतात.

१९ मार्च, बुधवार

वारं फिरलं आहे. डॉक्टर उठून म्हणाले, "मुळात साधेपणा हीच रचनेची कसोटी," आणि माझ्याकडे बघून मान झुकवली. मागच्या बैठकीत हाच माणूस खुणांच्या बाजूने अर्धा तास बोलत होता. हसण्याच्या बाजूने बसायचं असतं हे त्याला डॉक्टरेटमध्ये शिकवलेलं दिसतं. घड्याळांना कुठलाही नियम चालेल, फक्त आज. बाकीच्यांना घड्याळ म्हणतील तो. बाई एकट्या उरल्या. पुढच्या बुधवारी मतदान.

मधल्या वेळात चहाच्या यंत्रापाशी बाई आल्या.

"तुम्ही विहीर कधी बदलली नाहीत का हो?"

"परवाच बदलली. नवं बटण घातलं."

"कुठे?"

"वर. शोभतं."

त्या बिस्किट चहात बुडवायच्या बेतात होत्या, थांबल्या. "जुनं गाणं उघडून पाहिलंत?"

"बाई, जुनी गाणी म्हातारी माणसं उघडतात."

त्यांनी बिस्किट बुडवलं, खाल्लं, दुसरं घेतलं. म्हणाल्या, "पाहा एकदा. सांगून पटत नसतं हे." हरणाऱ्या माणसाच्या तोंडी असलंच काहीतरी येतं.

नावाचं पान कुठल्या कागदावर छापणार ते घड्याळांना विचारायचं राहिलं.

२१ मार्च

ताईचा फोन, कामाच्या भर वेळेत.

"अरे, माझ्या गोष्टी बुडाल्या."

"बुडाल्या म्हणजे? पुसल्या गेल्या?"

"नाही रे. आहेत सगळ्या. पण मी विहिरीच्या तळाशी बसून बोलतेय असं वाटतं. शब्द कळत नाही. लहान पोरं ऐकतील तर रडतील."

"काहीतरी दाबलं असशील."

"मी काही दाबलेलं नाही."

"मग हेडफोन गेला असेल."

"हेडफोनवर गाणी नीट येतात. गोष्टीच बुडतात. मी बटणं परत फिरवून थोड्या नीट केल्या, पण प्रत्येक गोष्टीत निवेदन वेगळं, राक्षस वेगळा, परी वेगळी. आता कशात किती होतं ते मला आठवत नाही रे. ऐकून ऐकून माझा कान गेला."

"ताई, नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण तूच बांधलंयस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आयुष्यभर गाद्यांच्या मध्ये बसून बोलणाऱ्या बाईला यंत्र काय कळणार. आमच्या घरात एकालाही हाताने काही करता येत नाही. बाबांना खडू धरता येतो, तेवढंच.

२२ मार्च, शनिवार

सुट्टीच्या दिवशी मालकांचा फोन. तक्रारींचा पूर आलाय म्हणे. एका बँडवाल्याचं गाणं चालू कार्यक्रमात खड्ड्यात गेलं. कुणाचा ढोल देवळाच्या घंटेसारखा वाजतोय, कुणाची बासरी सुकली. मी म्हटलं, एकाच आठवड्यात जगात इतके बहिरे कसे निपजले? मालक म्हणाले, "बहिरे का असेनात, गिऱ्हाईक आहे. बघ."

माझी खोली लाँड्रीच्या वर आहे. दिवसभर फरशी गरम असते आणि भिंतीतून इस्त्रीचा वास येतो. अशा खोलीत बसून लोकांचा मूर्खपणा निस्तरायचा. ताईला म्हटलं एक फाईल पाठव. तिचं काय चुकलं ते दाखवून देतो, म्हणजे बाकीच्यांनाही तेच उत्तर पाठवता येईल.

२३ मार्च

सकाळी ताईची फाईल उघडली. आवाज लावायच्या आधी बटणं पाहिली.

पाणी: चिमूटभर. घुमारा: लांबट. लांबी: जिथे तिची धार असायची तिथे. धार: जन्मली तेव्हा होती तशी, कुणी हातही न लावल्यासारखी.

बराच वेळ बघत बसलो. चिमूटभर, पण लांबट. हे तिचे शब्द. घुमारा चिमूटभर आणि लांबी लांबट. प्रत्येक आकडा एकेक घर खाली उतरलाय. यजमानाने पहिल्या बटणाचा आकडा पहिल्या बटणाला दिला, त्याचं काय चुकलं. पहिलं बटण आता वेगळं आहे.

पहिल्या बाकावर नवा मुलगा मी घुसवला.

गाढव सापडलं. दावं शोधतो.

२४ मार्च, सोमवार

दिवसभर कचेरीत. पाणी सगळ्यात खाली नेलं तर जुनी गाणी सुधारतात. पण सतरा तारखेनंतर लोकांनी जे जे दुरुस्त करून साठवलं, ते पुन्हा बिघडतं. ताईने हाताने नीट केलेल्या गोष्टीसुद्धा. कुठली फाईल आधीची, कुठली नंतरची, हे विहिरीला कळावं म्हणून फाईलमध्ये एक आकडा टाकून ठेवायला हवा होता. मी टाकला नव्हता. तेव्हा मला तो पांढरपेशा चोचला वाटला होता.

म्हणजे काहीही केलं तरी कुणाचं तरी मोडणार. फक्त कुणाचं ते मी ठरवायचं.

मालकांना सांगितलं. ते चिडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बुधवारी मतदान आहे ना?"

"आहे."

"नंबरवाला नियम होतोय ना?"

"होतोय."

"मग झालं. एकदा नियम झाला की हा आपला घोटाळा राहत नाही, पद्धत होते. सगळ्यांचीच गाणी मधूनमधून बुडतील. लोकांना वाटेल, संगणक म्हटला की असं व्हायचंच. तू तोंड उघडू नकोस. तुझं नाव छापून येऊ दे, तुला नव्या विभागाचा प्रमुख करतो. बाईचा नियम झाला तर मात्र आख्खी विहीर उपसून परत बांधावी लागेल, आणि ती तू बांधशील, वेगळा वेळ न मागता."

हा माणूस मला कधी मूर्ख वाटला नव्हता. आजही वाटला नाही. तीच अडचण आहे.

२६ मार्च, बुधवार



घड्याळ खुशीत होते. टेबलावर केक होता. मतदानाच्या आधी केक, म्हणजे निकाल काय ते केकवाल्यालाही ठाऊक. घड्याळ म्हणाले, "नंबरच्या बाजूने हात वर करा." सगळे हात वर. बाईंचे दोन्ही हात वहीवर. माझा हात मांडीवर.

डॉक्टरांनी त्यातही भाषणाला जागा काढली. म्हणाले, "मुळात मला आमच्या या तरुण मित्राचं कौतुक वाटतं. पुस्तकी नव्हे, हे अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. आपण सुशिक्षितांनी यातून शिकायला हवं."

इथे माझं डोकं फिरलं.

"अहो, तुम्हाला अक्कल आहे का?" मी म्हणालो.

हात वरच राहिले. खाली घ्यावेत की नाही ते कुणाला सुचेना.

"मी शाळा सोडलेला माणूस. मला एक विनोद करता येतो. त्या विनोदावर तुम्ही नियम लिहिताय? जगभरच्या लोकांनी पाळायचा? बाई दोन आठवडे जे सांगतायत ते एकाने तरी घरी जाऊन करून पाहिलं? एक जुनी फाईल उघडलीत? डॉक्टर, तुमच्या घरी संगणक आहे ना? की तोही मुळात आहे?"

"आपण संतुलन राखून..." घड्याळ म्हणाले.

"हे ऐका," मी म्हणालो आणि ताईची फाईल खोलीच्या स्पीकरवर लावली. आधी बुडालेली. ताई कुठेतरी पृथ्वीच्या पोटातून बोलत होती, एकही शब्द कळत नव्हता.

डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. "घुमतंय छान," ते म्हणाले.

"हे निवेदन आहे!" मी ओरडलो. "चार वर्षांच्या पोराला समजावं म्हणून वाचलेलं!" मग घुमारा खाली आणला, बाकीची बटणं अंदाजाने बसवली, परत लावली. ताईचा आवाज टेबलाच्या मधोमध येऊन बसला, एकेक शब्द स्वच्छ. मग सांगितलं, बटण वर कुणी घातलं, जुनी गाणी कुणाची बुडाली, आणि ती परत काढता का येत नाहीत. आणि हेही सांगितलं की हा नियम झाला तर हे रोज होईल, आणि प्रत्येक जण गिऱ्हाइकाला म्हणेल, काहीतरी दाबलं असशील.

पंखा काय तो बोलत होता. पहिल्यांदाच एकाने वर पाहिलं.

बाईंनी पेन उघडलं. "मतदान पुन्हा घ्यायचं का?" त्यांनी घड्याळांना विचारलं. घेतलं. खुणांचा नियम मंजूर. ज्या हातांनी नंबर उचलला होता त्याच हातांनी खुणाही उचलल्या, दंड दुखले असतील तेवढंच. डॉक्टर म्हणाले, मुळात ते पहिल्यापासून खुणांच्याच बाजूचे.

मला वाटलं बाई काहीतरी बोलतील. आभार, टोमणा, काहीही. त्या वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "'अक्कल आहे का' हे इतिवृत्तात घ्यायचं की वगळायचं?"

"घ्या," मी म्हणालो.

"मग शेवटी प्रश्नचिन्ह येईल," त्या म्हणाल्या आणि ते घातलं.

पहिल्या पानावर त्यांचं नाव येणार. मी केक न खाता निघालो. बाहेर आल्यावर वाटलं, खायला हवा होता.

२७ मार्च

मालक सकाळपासून माझ्याशी फक्त चिठ्ठीवर बोलतात. विभागप्रमुखपद दुसऱ्याला. मला विहीर: उपसायची, खुणा घालायच्या, परत बांधायची. पाणी आज तळाशी नेलं आणि पुन्हा जगभर सोडलं. सतराच्या आधीची गाणी नीट झाली. ज्यांनी मधल्या दिवसांत धावपळ करून दुरुस्ती केली, ज्यांना खरी काळजी होती, नेमकी त्यांचीच मोडली. त्यांच्यासाठी माफीचा मजकूर लिहिला. मालकांनी त्यातला माफी हा शब्द काढून "सुधारणा" घातला. मी परत माफी घातला आणि त्यांनी बघायच्या आत पाठवून दिला.

२९ मार्च, शनिवार

ताईला काल सांगितलं की तिने हाताने दुरुस्त केलेल्या गोष्टी आता पुन्हा बिघडल्या. मी म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "ते मला एकवीस तारखेलाच ठाऊक होतं. पुढचं बोल."

पुढचं असं, की तिचा कान ऐकून ऐकून गेलाय आणि सोमवारी संच द्यायचाय. मग आज सकाळी ती तिकडे गाद्यांमध्ये बसली आणि मी इकडे लाँड्रीच्या वर. ती तुकडा लावायची, फोन स्पीकरपाशी धरायची, मी सांगायचं.

"घुमारा कमी. अजून. थांब. लांबी थोडी वाढव."

"आता?"

"बस."

"पुढचा तुकडा."

गोष्टी टुकार आहेत. एकीत एक ढग शाळेत जायला नाही म्हणतो. मी म्हटलं, त्याचं बरोबर आहे. ताई म्हणाली, तू बटण सांग. दुसरीत एका माकडाला टोपी घट्ट होते, यावर सगळी गोष्ट. राक्षस तर इतका प्रेमळ की त्याला घुमारा द्यायचा तरी कशाला. पण वाचते चांगली. तिचा आवाज इतका स्वच्छ आहे हे मला माहीत नव्हतं. मी विहीर खोदली आणि कधी आत वाकून पाहिलं नाही. मध्येच एकदा मागून बाबांचा आवाज आला, "कोण आहे फोनवर?" ताई म्हणाली, "तुमचा मुलगा. काम करतोय." त्यानंतर दार लागल्याचा आवाज आला नाही.

शेवटची गोष्ट एका बकरीची. तिला नदीपलीकडे जायचंय आणि पूल डुगडुगतो. ती एक पाय पुलावर ठेवते आणि मागे घेते. परत ठेवते, परत घेते. पलीकडून सगळी जनावरं तिला हसतात. ती उभीच. संध्याकाळ व्हायला लागते. खालून पाण्याचा आवाज. ताईने तिथे आवाज इतका खाली आणला होता की मी फोन कानात खुपसला.

"घुमारा?" ताईने विचारलं.

"हं?"

"अरे, घुमारा कसा आहे?"

"बरोबर आहे. हात लावू नकोस. पुढे?"

"पुढे काय पुढे? झाला तुकडा. बसला ना आवाज?"

"बसला. पण बकरी गेली का पलीकडे?"

"तुला काय करायचंय? तू पाळण्यात आहेस?"

"ताई, सांग ना."

"सोमवारनंतर विकत मिळेल. घे आणि ऐक," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोनदा परत लावला, उचलत नाही. खाली लाँड्रीवाल्याने यंत्र बंद केलं, फरशी गार होत चालली आहे. एवढी भित्री बकरी मी आयुष्यात पाहिली नाही. अजून अलीकडेच उभी आहे.